उसने हात

१

मेलेल्या माणसांना बसायला चांगली जागा करून देणं हे केसरीनाथ भोईरचं काम होतं आणि ते तो मन लावून करायचा.

नारपोलीत खालिदच्या फोटो स्टुडिओच्या मागं एक चिंचोळी खोली होती. तिथं एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, पाण्याची बाटली आणि केसरीनाथ. भिंतीपलीकडं कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत खटखट चालू. नवीन माणसाला त्या आवाजात स्वतःचं नावसुद्धा धड सांगता यायचं नाही. केसरीनाथला तो ऐकूही येत नसे. थांबला की मात्र दचकायला व्हायचं.

घरात कुणी गेलं की लोक पिशवीतून फोटो घेऊन येत. फोटो तरी कसले! हळदीच्या गर्दीत कोपऱ्यात डोळे मिटून उभी असलेली म्हातारी, नाहीतर कुठल्याशा ओळखपत्रावरचा, अर्ध्या गालावर शिक्का बसलेला बाप्या. केसरीनाथ तो चेहरा स्कॅन करायचा, माऊसनं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हळूहळू कापायचा, केसांची कड मऊ सोडायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर बसवायचा. धंद्यात त्या धडाला 'बॉडी' म्हणत. बाई सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठेवायचं, नाहीतर पुसायचं. मान जुळवायची. मग मागं देखावा टाकायचा आणि प्रिंट काढून फ्रेम करायची.

बाकीच्या स्टुडिओंत स्वित्झर्लंडच्या डोंगरांची तयार सीडी चालायची. केसरीनाथ देखावे स्वतः काढायचा. तरुणपणी तो स्टुडिओंसाठी कापडी पडदे रंगवत असे. पडद्यांचे दिवस गेले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यानं कॉम्प्युटर शिकून घेतला. रंग सांडत नाही आणि चुकलं तर मागं येता येतं, एवढ्यावर तो खूश होता.

त्याच्या एका देखाव्याला फार मागणी होती. एक उतरता हिरवा डोंगर, भाताच्या कोवळ्या रोपांचा असतो तसा हिरवा. खाली पाणी. ते खाडीचं म्हणावं तर फार स्वच्छ होतं, तळ्याचं म्हणावं तर त्याला पलीकडचा काठ नव्हता. तिन्हीसांजेसारखा उजेड, पण सूर्य कुठंच नाही. तीन टोकांच्या लांब पानांची झाडं. आणि काठावर एक सपाट काळा दगड, दोन माणसं टेकतील एवढा.

"असं झाड कुठं असतं रे, केसरी?" खालिदनं एकदा विचारलं होतं.

"इथं," केसरीनाथ पडद्याकडं बोट करून म्हणाला.

"चल, मग तिथंच एक प्लॉट घेऊन ठेव. नारपोलीत काय उरलंय?"

मूळ देखावा चांगला रुंद होता. फ्रेमपुरता उभा तुकडा त्यातून कापून घ्यायचा आणि मेलेलं माणूस त्या दगडावर बसवायचं. गिऱ्हाईक फ्रेम हातात घेऊन म्हणायचं, "छान बसलेत." केसरीनाथला तेवढं पुरत असे.

२

बॉड्या सुरुवातीला तयारच मिळत. पण त्यातले पुरुष पहिलवानासारखे आणि बायका नाटकातल्या राण्यांसारख्या. खारबावच्या एका माणसानं तर तोंडावर सांगितलं होतं, "आमच्या काकीला ह्या दागिन्यांत यमानं पन वळखली नसती."

तेव्हा खालिदनं ठरवलं, बॉड्या आपल्याच काढू. स्वतःच्या लग्नातला काळा कोट त्यानं केसरीनाथच्या अंगावर चढवला आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्याला स्टुलावर बसवला. बाईसाठी केसरीनाथनं बायकोला बोलावलं. सुगंधा आली ती लेकीच्या लग्नातली हिरवी साडी नेसून, केस विंचरून, पावडर लावून. आल्या आल्या विचारलं, "चेहरा कापून टाकणार म्हणता, आणि वर नीट तयार होऊन ये म्हणता. कशाला?"

"भाभी, बॉडीला पण रुबाब लागतो," खालिद म्हणाला.

"मग बॉडीचंच कौतुक करा. तीस वर्षांत ह्यांनी तेही केलं नाही."

ती मांडीवर हात ठेवून बसली. डाव्या मनगटावर बोंबील तळताना उडालेल्या तेलाचा चिंचोक्याएवढा डाग होता. तो दिसू नये म्हणून तिनं उजवा हात त्यावर ठेवला. खालिदनं फोटो काढला. केसरीनाथनं मानेच्या वरचं पुसून टाकलं.

तेव्हापासून नारपोली, खारबाव, पडघ्यापर्यंतच्या कितीतरी घरांत केसरीनाथचा कोट आणि सुगंधाची साडी भिंतीवर चढली. वर चेहरा ज्याचा त्याचा.

सुगंधा गेल्या पावसाळ्यात गेली. कावीळ झाली, आठवडाभरात आटोपलं. दिवसकार्य उरकल्यावर केसरीनाथ कामावर आला आणि पहिल्याच दिवशी एका म्हातारीचा फोटो आला. त्यानं नेहमीची बॉडी उघडली. हिरवी साडी. मांडीवरचे हात. करंगळीचं ते जरासं बाहेर वळलेलं पेर.

त्यानं चष्मा काढून पुसला. मग काम केलं.

पुढं त्याला त्याची सवय झाली. सवय कसली, ओढच. आठवड्यातून एखाद-दुसरी बाई जायचीच कुठंतरी, आणि केसरीनाथला ते हात भेटायचे. बोटांच्या सावल्या जुळवायच्या, साडीचा काठ उजळायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण त्या वर्षात तो अधूनमधून गुणगुणायला लागला होता, हे खालिदच्याही ध्यानात आलं होतं.

३

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मृणालीचे फोन वाढले. त्याची ही एकुलती एक लेक पडघ्याला दिलेली होती.

"बाबा, जगाचे फोटो करता आणि आईचाच भिंतीवर नाही. लोक काय म्हणतील?"

"करतो गं."

"वर्षभर करताय. आणि श्राद्ध झालं की तुम्ही इकडं यायचं. मी ह्यांच्याशी बोललेय. एकटे काय खाता, कसे राहता, माझं मन लागत नाही इथं."

"बघू."

"बघू नाही. मागच्या खोलीला रंगही दिलाय."

केसरीनाथ फोन ठेवून बसला. खालिद काऊंटरवरून ऐकत होता.

"पोरगी बरोबर बोलते," तो म्हणाला. "आमच्यात असे फोटो लावत नाहीत, ते वेगळं. पण तुमच्यात लावतात तर भाभींचा लागायला पाहिजे. आणि ऐक, तो झाला की ती साडीवाली बॉडी बंद. भाभींचा चेहरा भाभींच्या अंगावर बसला की मग ते अंग दुसऱ्याला देणं शोभत नाही. आपण नवी काढू."

ते खरंच होतं आणि म्हणूनच केसरीनाथचे हात चालत नव्हते. फोटो केला की सुगंधा भिंतीवर जाणार. भिंतीवर गेली की हात जाणार. आणि तो पडघ्याला, नव्या रंगाच्या खोलीत.

त्याच दिवशी खारबावहून बाळाराम आला. मिठागराच्या बाजूला राहणारा, उंचापुरा माणूस. त्याची आई गोदूबाई गेली होती.

"ह्यो एकच फोटू हाय," तो म्हणाला. फोटोत गोदूबाई मांडवाच्या खांबाला टेकून कुणावर तरी ओरडत होती.

"तोंड मिटवावं लागेल," केसरीनाथ म्हणाला.

"मिटवा. जित्तेपनी आमाला न्हाय जमलं."

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. केसरीनाथनं त्याला पाणी दिलं.

गोदूबाईचं काम छान झालं. तोंड मिटलं, डोळे तसेच तिखट राहिले. खाली हिरवी साडी, एकावर एक ठेवलेले हात, मागं तो डोंगर. बाळाराम फ्रेम घेऊन गेला. सुगंधाचा फोटो आणखी पुढं ढकलला गेला.

४

काही दिवसांनी बाळाराम परत आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम.

"तक्रार न्हाय हां," तो आधीच म्हणाला. "खरं तर घरात समद्यांना आवडलंय. पन बायको म्हनते, इचारून ये. आयच्या हातात काय दिलंत?"

"हातात? काही नाही."

बाळारामनं कागद काढला. केसरीनाथनं चष्मा सारखा केला. मांडीवर हात होते तसेच होते. फक्त उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात एक पान धरलेलं होतं. लांब, तीन टोकांचं.

"नेलंत तेव्हा होतं?"

"आसंल. आमी तेवा तोंडाकरं बघत होतो." बाळारामनं मान तिरकी केली. "ब्येस वाटतं पन. आयला रिकामे हातांनी बसवत नसं. शेंगा सोल, वाती कर, कायतरी पायजेच."

तो गेल्यावर केसरीनाथनं कॉम्प्युटरवरची गोदूबाईची फाईल उघडली. पान तिथंही होतं. त्यानं मोठं करून पाहिलं. पानाची कड, मधली शीर, टोकाकडं हलका होत गेलेला हिरवा रंग. काढणारा हात त्याचाच होता, शंका नाही. असं पान दुसरं कोण काढणार?

म्हणजे आपणच काढलं, त्यानं स्वतःला समजावलं. पडदे रंगवतानाही असं व्हायचं. मन दुसरीकडं असायचं आणि कुंचला एखादा पक्षी काढून मोकळा व्हायचा. वर्षभरात माणूस थोडा इकडचा तिकडं होतोच.

उत्तर पटण्यासारखं होतं. तरी जेवणाचा डबा त्यानं अर्धाच खाल्ला.

५

दुपारी भारनियमन असायचं. वीज गेली की भिंतीपलीकडचे सगळे लूम एकदम थांबायचे, आणि गल्लीवर अशी शांतता पडायची की पाय आपटून ऐकू येतंय का बघावंसं वाटे. कॉम्प्युटर तेवढा यूपीएसवर दहाएक मिनिटं तग धरायचा. त्या वेळात काम सेव्ह करायचं आणि बंद करायचा.

त्या दुपारी वीज गेली तेव्हा केसरीनाथनं मूळ बॉडी उघडलेली होती. ज्यातून प्रत्येक वेळी नक्कल काढायची, ती. तिच्यावर तो कधीच काम करत नसे.

हातात पान नव्हतं. त्याला हायसं वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं. डावा हात वर होता.

उजवा खाली, डावा वर. आणि डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा डाग. कडेला गडद, मध्ये चकचकीत, अगदी होता तसा.

यूपीएस टिकटिक करू लागला. केसरीनाथ खुर्चीत मागं रेलला. फोटो काढताना तो डाग झाकलेला होता. कॅमेऱ्यानं न पाहिलेली गोष्ट फाईलमध्ये येणार कुठून? पण मी पाहिलेली आहे, त्यानं लगेच स्वतःला उत्तर दिलं. रोज पाहिलेली आहे. हातांना ठाऊक होतं, हातांनी काढला. हात उलटसुलट करणं काय कठीण?

नजर खाली घसरली. साडीचा काठ, घोट्याजवळचा, ओला दिसत होता. गडद आणि पायाला चिकटलेला, पाण्यात उभं राहून आल्यासारखा.

हेही मीच केलं असेल.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. म्हणूनच त्याला वाटलं असेल की कुठंतरी पाणी काठाला लागतंय. हळू, सावकाश, भरतीचं पाणी दगडाला लागतं तसं. त्यानं पाण्याच्या बाटलीकडं पाहिलं. बूच घट्ट होतं. नळ गल्लीच्या टोकाला, तोही दुपारी कोरडा.

आणि नवल असं की त्याला भीती वाटली नाही. छातीत एक ओळखीची ऊब भरत गेली, बाहेरून घरी आल्यावर स्वैपाकघरात भांड्यांचा आवाज ऐकून भरते तशी. यूपीएस संपला, पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला. तो हसत होता. तेव्हा मात्र भीती वाटली.

६

"तूच करतोस रे," खालिद म्हणाला. चहाचा ग्लास त्यानं केसरीनाथच्या पुढं सरकवला. "मशीनला काय पडलीय? फाईल उघडतोस, भाभींची आठवण येते, हात चालतो. मग विसरतोस. माझा मामू मामी गेल्यावर रोज दोन कप चहा करायचा आणि दोन्ही आपणच प्यायचा."

"तसंच असेल."

"असेल नाही, तसंच आहे. तो फोटो करून टाक. अडकलायस तू त्यात."

केसरीनाथ मागं गेला. खालिदचं म्हणणं पटवून घेण्यासाठी त्यानं कोटाची बॉडी उघडली. तिथं काही नसणार होतं. स्वतःच्या कोटाची आठवण येऊन कोण काय काढत बसेल?

कोट होता. गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात होते, त्याचेच. त्यानं मोठे करून पाहिले. नखांमध्ये चिखल होता. काठावर चिंबोऱ्या धरताना भरतो तसा काळा, चिकट चिखल.

त्यानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. स्वच्छ होते. तरी तो उठला, बाहेर बादलीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

"काय रे, रंग लागला?" खालिदनं विचारलं.

"कॉम्प्युटरवर कुठला रंग?"

"तेच म्हणतो."

पडघ्याला जाणं आता त्याला वाईट वाटेना. मृणालीची खोली, अंगणात उन्हात टाकलेली खाट, हायवेवरून रात्रंदिवस जाणारे ट्रक. तिथं कॉम्प्युटर नव्हता. माणूस शहाणा असेल तर त्यानं तिथं जावं. त्यानं फोन लावून लेकीला सांगितलं, "फोटो करतो. आणि येतो तुझ्याकडं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खरंच याल ना?"

"हो गं. श्राद्ध झालं की त्या रविवारी."

७

मृणालीच्या लग्नाच्या अल्बममधून त्यानं सुगंधाचा चेहरा काढला. समोर बघणारा, जरा रागावल्यासारखा. कापायला बसला. वर्षभर जे जमलं नव्हतं ते जमलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माऊस फिरला.

पण चेहरा बसेना.

मान जुळत नव्हती. त्यानं वर केला, खाली केला, तिरका केला. मग बॉडीकडं नीट पाहिलं. खांदे सरळ नव्हते. ती चित्राच्या उजव्या कडेकडं वळून बसली होती, शेजारच्याशी बोलावं तशी. आणि दगडाच्या मध्यावर नव्हती. बाकावर दुसऱ्याला जागा द्यायला बायका सरकतात तशी डावीकडं सरकलेली. उजव्या बाजूला दगड रिकामा होता.

केसरीनाथनं माऊस सोडला. भिंतीपलीकडं लूम चालू होते. आज त्याला ते ऐकू येत होते आणि ते थांबू नयेत असं फार वाटत होतं.

अल्बम पुन्हा चाळला. जवळजवळ सगळीकडं ती कॅमेऱ्याकडं बघत होती. एकच फोटो वेगळा. पंगतीत वाढताना केसरीनाथच्या हातून वरणाची बादली कलंडली तो क्षण खालिदनं टिपला होता. सुगंधा बाजूला मान वळवून नवऱ्याकडं बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

तो चेहरा त्यानं कापला आणि साडीवर ठेवला.

रंग जुळवावा लागला नाही. सावली द्यावी लागली नाही. मानेवर जिथं सांधा असतो तिथं सांधाच नव्हता. डोंगराचा हिरवा उजेड तिच्या गालावर पडलेला होता, आणि लग्नाच्या मांडवात तर पिवळे दिवे होते.

"माशाल्ला!" खालिद मागं येऊन उभा होता. त्याचा आवाज खाली आला. "केसरी, हे तुझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम. भाभी आत्ता बोलतील असं वाटतं."

"हो."

"कशाला हसताहेत एवढ्या?"

"मला," केसरीनाथ म्हणाला.

८

श्राद्धाला माणसं बरीच आली. चंदनाचा हार घातलेल्या फ्रेमसमोर मृणाली कितीतरी वेळ उभी होती. मग तिनं हाक मारली.

"बाबा, हा तुमचा हात ना?"

केसरीनाथ जवळ गेला. फ्रेमच्या उजव्या कडेला, लाकडी पट्टीला लागून, काळ्या कोटाची बाही दिसत होती. कोपरापासून पुढची. पंजा दगडावर टेकलेला आणि त्या पंजावर सुगंधाचा हात. डाग असलेला.

प्रिंटला देताना तिथं नुसता दगड होता. दोनदा तपासून त्यानं ती दिली होती.

"किती छान केलंत," मृणाली म्हणाली. तिनं डोळे पुसले. "तिला एकटं बसायला कधीच आवडलं नाही."

त्यानं फ्रेमवरचा हार सारखा केला. बोलून लेकीला काय द्यायचं होतं? पंगत बसली. त्यानं स्वतः वाढलं, पोटभर जेवला, दुपारी अंग टाकलं आणि वर्षभरात लागली नव्हती अशी झोप त्याला लागली. मृणाली त्याच दिवशी त्याचे कपडे बॅगेत भरून गेली. रविवारी जावई गाडी घेऊन येणार होता.

शनिवारी तो हिशेब मिटवायला म्हणून स्टुडिओत गेला. खोलीत बसला. चालू करायचा नाही असं ठरवून त्यानं कॉम्प्युटर चालू केला.

सुगंधाची फाईल त्यानं उघडली नाही. उघडला तो मूळ देखावा. रुंद, रिकामा, कुणालाही न बसवलेला.

तेवढ्यात वीज गेली आणि लूम थांबले.

देखाव्यात गवत होतं, पाणी होतं. पाण्याकडं जाणारी, पायांनी मळलेली वाट होती. वर झाडांखाली माणसं असावीत, लांब असल्यानं ठिपक्यांएवढी. एक ठिपका खांबाला टेकावं तसा झाडाला टेकलेला होता. दगडावर ती बसली होती, त्याच हसण्यानं. शेजारी तो बसला होता. काळा कोट, गुडघ्यावर एक हात, एक हात तिच्या हाताखाली. कोटाची कॉलर नीट, गुंडी लावलेली. कॉलरच्या वर मात्र हिरवा डोंगर सरळ मागपर्यंत दिसत होता.

ती त्या मोकळ्या जागेकडं बघून हसत होती. वाट बघणाऱ्या माणसाला घाई नसली की तो हसतो, तशी.

यूपीएस टिकटिकला. केसरीनाथनं काही पुसलं नाही, काही सेव्ह केलं नाही. पडदा काळा होईपर्यंत तो पाण्याचा आवाज ऐकत बसला. मग उठून पुढं आला.

"खालिद, माझा एक फोटो काढ."

"आत्ता? लाईट नाही."

"दाराशी उजेड आहे. काढ."

"पोरीकडं कशाला लागतोय? रेशनकार्ड?" खालिदनं कॅमेरा काढला, पट्टा गळ्यात अडकवला. केसरीनाथ दाराशी स्टुलावर बसला. रस्त्यावरून कुणी हाक मारली तर बघावं तशी त्यानं मान उजवीकडं वळवली आणि ती तिथंच ठेवली.

"इकडं बघ ना बाबा. कॅमेरा इकडं आहे."

"नको," केसरीनाथ म्हणाला. त्याचा चेहरा फार दिवसांनी मोकळा दिसत होता. "असाच काढ. मान जुळायला हवी."